बासष्ट किलो

"तुमचा काटा खोटा आहे," काटेवाला म्हणाला आणि खाली उतरला. काट्यावर एक्कावन्न आलं होतं. दोन महिन्यांपूर्वी सत्तावन्न होतं.

आहारतज्ज्ञ बाईंनी आकडा लिहून घेतला. "काटा बरोबर आहे, काका. तुमचं वजन उतरतंय."

"चाळीस वर्षं काटे दुरुस्त केलेत मी. मला नका शिकवू." एवढं बोलताना त्याला दोनदा थांबून श्वास घ्यावा लागला. सिगारेटींनी छाती पोखरली होती. ऐट मात्र शाबूत होती.

बाई चिडल्या नाहीत. रोज दहा-बारा असले हट्टी त्यांच्यासमोर बसत असावेत. "इतरांना श्वास फुकट मिळतो, काका. तुम्हाला त्यासाठी मजुरी करावी लागते. आणि मजुराला उपाशी ठेवून कसं चालेल? पुढच्या महिन्यात आणखी उतरलं, तर डॉक्टर नाकातून नळी घालायचं म्हणतायत. अन्नाची."

नळीचं नाव काढताच काटेवाल्याचा चेहरा उतरला. दाखवायचं नाही म्हणून तो काट्याशेजारी उकिडवा बसला. चारही पाय जमिनीला टेकलेत का ते त्याने चाचपून पाहिलं. काच पुसली. उठायला मात्र सोबत आलेल्या बायकोचा हात धरावा लागला.

"तू चढ गं," तो तिला म्हणाला.

"मी कशाला? मी काय पेशंट आहे?"

"चढ म्हणतो ना."

त्याच्या दुकानातली ही जुनीच रीत होती. माणसं तोलायचा काटा दुरुस्त झाला, की तो बायकोला हाक मारायचा. ती हातातलं काम टाकून यायची, काट्यावर उभी राहायची. बासष्ट आलं की काटा गिऱ्हाइकाकडे रवाना. वीस वर्षांत तिचं वजन इकडचं तिकडे झालं नव्हतं. लोखंडाचं वजन झिजेल, ही झिजायची नाही, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा, आणि ती पदराआड हसून त्याला चार शब्द सुनवायची.

आज ती हसली नाही. "राहू द्या ना," म्हणाली. "मला दीडला लाँड्रीत हजर व्हायचंय. बस चुकेल."

पण नवरा हटून बसला होता. तिने चपला काढल्या आणि ती काट्यावर चढली.

छप्पन्न.

काटेवाल्याने टाळी वाजवली. "बघा! सहा किलो कमी दाखवतोय. म्हणजे माझं सत्तावन्नच आहे. जिथल्या तिथे!" आनंदाच्या भरात त्याला खोकला आला. खोकला आवरेपर्यंत बाई थांबल्या. मग त्यांनी कपाटाचं खालचं दार उघडलं आणि दोन्ही हातांनी एक वजन बाहेर ओढलं. वीस किलोचं, शिक्का मारलेलं. दर सोमवारी त्या काटा याच वजनाने तपासत.

काटेवाल्याने शिक्का वाचला. तारीख वाचली. दोन्हींत खोट नव्हती. बाईंनी वजन काट्याच्या मधोमध ठेवलं. वीस. त्याने बोटानेच खूण केली, तसं त्यांनी ते एका कोपऱ्यात सरकवलं. वीस. दुसऱ्या कोपऱ्यातही वीसच.

आता वाद घालायला जागा उरली नव्हती. तो हळूच वळला आणि त्याने बायकोकडे नीट पाहिलं. तिच्या मनगटावरचं घड्याळ पार खाली घसरलं होतं. गळ्याखालची हाडं वर आली होती. सोनाराच्या तराजूतला गुंजेचा फरक पकडणारा माणूस, पण रोज समोर बसून जेवणारी बायको सहा किलोंनी उतरली तरी त्याला पत्ता नव्हता. त्याला स्वतःची लाज वाटली.

"तू जेवत नाहीस?" त्याने विचारलं.

"जेवते की. तुमच्याबरोबर."

"मग?"

"मग काय? तुम्ही चार घास खाता आणि ताटावरून उठता. तुम्ही अर्धपोटी उठल्यावर मी एकटी काय गिळू? घशाखाली उतरत नाही माझ्या."

"अगं, मी उठतो ते तुझ्यासाठी!" त्याचा आवाज चढला आणि श्वास कमी पडला. तो खुर्चीत बसला, दम खाल्ला आणि मग पुढे बोलला. "मला एकेका घासाला वेळ लागतो. तू आपली हात वाळवत समोर बसून असतेस. तुझी बस चुकेल म्हणून मी आटोपतं घेतो. पोट भरलं म्हणतो."

बायको त्याच्याकडे बघतच राहिली. "मी हात वाळवत बसत नव्हते," ती म्हणाली. "मी पुरवून पुरवून खात होते. तुम्हाला सोबत म्हणून. बसचं काय हो, अर्ध्या तासाने दुसरी असते."

दोन महिने समोरासमोर बसून ती दोघं एकमेकांसाठी उपाशी उठत होती आणि दोघांनाही वाटत होतं, आपणच तेवढे शहाणे.

बाईंनी वजन कपाटात ठेवलं, खुर्ची पुढे ओढली आणि कोरा कागद घेतला. "तर काका, ऐका. जेवणाआधी पाव तास नुसतं पडायचं. घरी नाकाला लावता तो ऑक्सिजन जेवताना काढून ठेवायचा नाही. थोडं थोडं, पण दिवसातून सहा वेळा. अंडं, दूध, मऊ भात, वर चमचाभर तेल किंवा तूप. आणि घाई अजिबात नाही. लिहू ना?"

काटेवाल्याने कागदावर हात ठेवला.

"आधी हिचं लिहा, बाई," तो म्हणाला. "हिचं पोट भरल्याशिवाय आता मी ताटावरून उठायचा नाही."