बर्फाआधीची तालीम

उत्तरेकडच्या त्या बर्फाळ देशात ऐन हिवाळ्यात सगळं स्वस्त मिळतं, म्हणून शिंप्याने बायकोसोबत चार रात्रींचा बेत आखला. तिकिटं हातात आली, पण गरम कोटांच्या किमती बघून त्याचे डोळेच पांढरे झाले. "शिंप्याने कोट विकत आणायचा? लोक तोंडात शेण घालतील," असं म्हणत त्याने एकाच कापडातून, एकाच मापाचे दोन ढगळ कोट शिवले. बर्फात फजिती नको म्हणून रविवारी दोघं तालमीला निघाली आणि मेहुणा कामाला होता त्या कोल्ड स्टोरेजमध्ये, मटारच्या पोत्यांवर ऐसपैस बसली.

दहा मिनिटांत बायकोचे दात वाजायला लागले. शिंपी मात्र उबेत मजेत होता, आणि तेच त्याला खटकलं. त्याने अंगातल्या कोटाची कॉलर उलटून पाहिली. आत लाल दोऱ्याचा टाका होता. ती खूण त्याने फक्त बायकोच्या कोटाला घातली होती.

"अगं, हा तुझा कोट! कधी बदललास?"

"सकाळीच. वीस वर्षं तुमची काजं-बटणं करतेय मी. हातात घेतल्याबरोबर कळलं, सगळी लोकर एकातच भरलीय."

"एकापुरतीच परवडली गं," तो ओशाळून म्हणाला.

"मग तीनच रात्री राहू," ती कुडकुडत हसली. "चौथी रात्र या कोटात भरा."