साडेतेरा हजार किलोमीटर

"झालं रे, मोने, लेकरा. पेजेची वाटी हातात होती, तशीच गेली," कुट्टिच्चन मामा फोनवर म्हणाले आणि हुंदके देऊ लागले.

टोरांटोत रेजीने आधी घड्याळ पाहिलं. डोळे नंतर पुसले, तेही कोरडेच.

"साडेतेरा हजार किलोमीटर आहे, मामा. दोहाचा थांबा धरून वीस तास, कोचीहून पुढे तोडुपुळ्याच्या घरापर्यंत दीड. फ्रीझरची पेटी मागवा. मी आल्याशिवाय मातीला न्यायचं नाही, थोरला आहे मी."

"पेटी आली. आणखी काही विचारायचंय?"

"हो. गुरुवारी चारच्या आत उरका. रात्री माझं परतीचं विमान आहे."

मामांनी फोन बंद केला.

हे गणित काही आजचं नव्हतं. अम्मची, म्हणजे त्याची आई, दोन वर्षं अंथरुणाला खिळलेली. धाकटी बहीण एल्सी लग्नाचं वय घालवून तिचं हगणंमुतणं काढत होती. मागच्याच महिन्यात तिने फोन केला होता, "रेजीच्चाया, एकदा येऊन जा ना. अम्मची सारखी दाराकडे बघते. मलाही हल्ली दोन पायऱ्या चढले की धाप लागते."

"आत्ता आलो आणि ती तगली, तर पुन्हा खेप पडेल. वीस तासांचा तर प्रवास. संपलं की कळव."

"शी! माणूस आहेस का रे तू?"

रेजीला राग आला. त्याच दिवशी तो घरच्यांच्या ग्रुपमधून बाहेर पडला. आता एल्सी फोन उचलत नव्हती. रुसून बसली असेल, बसू दे, म्हणाला.

विमानात शेजाऱ्याने मोजे काढले आणि रेजीने लगेच जागा बदलून मागितली. वासाचं त्याला भारी वावडं. गेल्या खेपेला अम्मचीच्या खाटेखालचं भांडं पाहून तो खोलीच्या उंबऱ्यावरूनच नाकाला रुमाल लावून परतला होता. समोरच्या पडद्यावर अंतर घटत होतं. नऊ हजार. चार हजार. आता घर विकायचं आणि एल्सीला नन्सच्या आश्रमात पाठवायचं, असं ठरवत या बाबाने दुसऱ्यांदा खीर मागून घेतली. मयताला जाताना! सांगतानाही किळस येते.

अंगण माणसांनी भरलेलं होतं. त्याला पाहून बायकांनी तोंडं फिरवली. मामांनी हात धरला नाही, नुसती वाट करून दिली. रेजीने चेहरा पाडला, रुमाल काढला आणि शेवटचा मुका घ्यायला तो पेटीवर वाकला.

काचेखाली एल्सी होती.

आतल्या खोलीच्या पडद्याआडून खोकल्याची उबळ आली. मग ओळखीचा खरखरीत आवाज.

"आलास, मोने? बरं झालं. ये, आधी हे भांडं उचल."