उलटा दस्ता

"आजही ओवीला स्विमिंग पूलवर मीच सोडायचं?" वसुंधराने गॅरेजच्या दारातूनच विचारलं. "आणि तू काय करणार? लाकूड घासणार?"

धैर्यशीलने मान वर केली नाही. "हात तेलाचे झालेत. आज तूच जा ना."

"आज? रोजच मी जाते."

मागे ओवी पोहण्याची बॅग खांद्याला अडकवून उभी होती. "मॉम, वी आर लेट," ती म्हणाली. दोघांपैकी कुणाकडेही न बघता ती गाडीत जाऊन बसली.

वसुंधराने गाडी इतक्या जोरात मागे घेतली की कचऱ्याचा डबा आडवा झाला. तिने तो उचलला नाही.

हिवाळ्यात धैर्यशीलने गाडीचा उजवा आरसा गॅरेजच्या खांबावर घासून तोडला होता. तेव्हापासून त्याने स्टिअरिंगला हात लावला नव्हता. ऑफिसला ट्रेन बरी पडते, म्हणे. वेलिंग्टनला जायला ट्रेन बरी असेल, पण इथलं, लोअर हटमधलं वाणसामान, डेंटिस्ट, पूल, यासाठी कुठली ट्रेन होती? ते सगळं तिच्याच गळ्यात पडलं होतं. आणि तिचंही वेलिंग्टनलाच पूर्ण वेळ ऑफिस होतं, हे घरात कुणाच्या लक्षातच नव्हतं.

त्यात ही बंदूक. मास्टरटनजवळच्या एका फार्मच्या शेडमधून त्याने ती कवडीमोलाने उचलून आणली होती. नळीवर गंज, दस्ता मधोमध तडकलेला. खालचा लिव्हर ओढायचा, एक गोळी भरायची, एक बार उडवायचा, पुन्हा लिव्हर. आधीची चांगली रायफल होती, ती विकून हे भंगार घेतलं होतं.

"वेडा झालाय तुझा नवरा," त्याचा नेमबाजी क्लबातला मित्र प्रसाद हसत म्हणाला होता. वसुंधराला हसू आलं नव्हतं.

पण धैर्यशील काम मन लावून करत होता, हेच तिला जास्त झोंबत होतं. नळी आतून बाहेरून साफ झाली. चापाचं ओढणं हलकं झालं. अक्रोडाच्या ठोकळ्यातून नवा दस्ता आकाराला आला. घरात मात्र त्याचं कशातच लक्ष नव्हतं. परवा चहा ओतताना अर्धा टेबलावर सांडला.

"बघून ओत ना जरा!" ती ओरडली होती. तो फडकं घेऊन आला होता.

रविवारी दुपारी ती भांडायच्याच तयारीने गॅरेजमध्ये गेली. त्याने लिव्हर उघडून बंदूक रिकामी असल्याचं दाखवलं आणि तिच्या हातात दिली. कॉलेजात असताना एनसीसीत तिने रायफल चालवली होती. सवयीने तिने ती उजव्या खांद्याला लावली. गाल टेकायचा उंचवटा गालाकडे नव्हताच, पलीकडच्या बाजूला होता.

"हे उलटं केलंयस."

"उलटं नाही. डावखुऱ्यासाठी आहे."

"आपल्याकडे कोण डावखुरं आहे?"

धैर्यशीलने बंदूक परत घेतली. "क्लबातल्याच एकाला लागणार आहे."

"कोणाला?"

"सांगेन," तो म्हणाला आणि स्टीलच्या कपाटाला कुलूप लावायला वळला.

मंगळवारी ती दोरीवरचे कपडे काढत होती. गॅरेजच्या खिडकीतून त्याचा आवाज आला. तो फोनवर होता.

"इशिता, दस्ता तुझ्याच मापावर बेतलाय. शनिवारी आणतो... नाही गं, वसूला अजून नाही सांगितलं. सांगायचं कसं तेच कळत नाहीये."

वसुंधराने हातातला शर्ट पिळला. तो कोरडा होता.

चार दिवस ती भांडी आपटत राहिली, कपाटं आपटत राहिली. शनिवारी प्रसाद धैर्यशीलला गाडीतून घेऊन गेला. तिने ओवीला पूलवर सोडलं आणि गाडी डोंगराकडे, क्लबच्या रेंजच्या रस्त्याला घातली. पहिल्यांदा काय बोलायचं ते ठरलेलं होतं. सगळ्यांसमोर बोलायचं होतं.

रेंजच्या दाराबाहेर एक तरुण मुलगी रायफलची पिशवी आवरत होती. डाव्या हाताने चेन ओढत होती.

"तू इशिता?"

"हो. तुम्ही वसुंधराताई ना? फोटो पाहिलाय." ती मनापासून हसली. "बरं झालं आलात. सांगितलं का त्यांनी शेवटी?"

"काय सांगायचं होतं?"

इशिताचं हसू मावळलं. "ते... त्यांनीच सांगायला हवं, ताई."

आत एक बार झाला. वसुंधरा दारापाशी गेली. धैर्यशील टेबलामागे बसला होता. अक्रोडाचा तो नवा दस्ता त्याने स्वतःच्या डाव्या खांद्याला लावला होता, डावा गाल टेकवला होता. इशितासारखा! ही डावखुरी म्हणून हाही डावखुरा? वसुंधराच्या कानशिलात जाळ झाला.

घंटा वाजली. सगळ्यांनी बंदुका उघडून खाली ठेवल्या.

"आता फायरिंग थांबलंय, जा तुम्ही," इशिता मागून हळूच म्हणाली. "फक्त त्यांच्या डाव्या बाजूने जा."

माझ्या नवऱ्याकडे कुठल्या बाजूने जायचं, ते ही मला सांगणार? वसुंधरा मुद्दाम उजवीकडून गेली. त्याच्या खांद्याला खांदा लागेल इतक्या जवळ जाऊन उभी राहिली आणि तो दचकायची वाट पाहू लागली. त्याच्या कानांवर जाड इअरमफ होते. तो समोरच्या लक्ष्यांकडे बघत होता.

तिने रागाने त्याच्या तोंडाशी हात नेला आणि उघड्या उजव्या डोळ्यासमोर बोटं नाचवली.

पापणीसुद्धा लवली नाही.