पहिली मंजूर शिफारस

राजधानी जूबातल्या धोरण-अभ्यास संस्थेचा संचालक माजोक सरकारला नेमाने अहवाल पाठवी आणि सरकार ते नेमाने विसरून जाई. या वेळी मात्र नवल घडलं. युद्धात बेपत्ता झालेल्यांना सात वर्षांनी मृत मानावं, म्हणजे त्यांच्या बायकांना जमीन मिळेल, ही त्याची शिफारस मंजूर झाली.

"साहेब, सरकारनं आपला अहवाल वाचला!" ऑफिसातली अचोल नाचतच आली.

"वाचला नसेल गं, म्हणून तर मंजूर झाला."

संध्याकाळी त्याने आईला बातमी सांगितली. "गुणाचं माझं लेकरू!" म्हणत तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग दार लोटून घेतलं आणि हळूच विचारलं,



"पण तुझा दादा लढाईवरून आठ वर्षं घरी आलेला नाही, हे सरकारला सांगितलं नाहीस ना रे?"