ऐकणारं मशीन

“त्यास्ले सांग, भाकर थंडी व्हई ऱ्हायनी,” छबूबाईंनी मशीनला सांगितलं.

हिंमतराव चार हातांवर खाटेवर बसले होते. त्यांनी ऐकलं, पण उठले नाहीत. मशीनकडे तोंड करून म्हणाले, “तिले सांग, माले भूक नही.”

प्रकाशा गावातल्या त्या घरात अबोल्याचा आज पाचवा दिवस होता. नवरा-बायकोचा अबोला तिथे नवा नव्हता. पण अबोल्यातही घर चालवावं लागतंच. म्हणून निरोप तिसऱ्याला सांगायचा, ही रीत. मुलगा नवनीत लहान होता तेव्हा दोघं त्याच्यामार्फत भांडायची. तो पुण्याला नोकरीला गेल्यावर ते काम म्हशीकडे आलं. बिचारी दोन्ही बाजूंचं निमूट ऐकून घ्यायची. गेल्या वर्षी म्हैस विकली, आणि आता हे मशीन आलं होतं.

नवनीतने फोनवर सांगितलं होतं, “आई, तुन्हासाठे बोलानं मशीन धाडी ऱ्हायनू. त्यानासंगे बोलत जाय, तुले करमी.” दोन दिवसांनी पार्सल आलं. काळा उभट डबा, वर जाळी, आत निळा दिवा. छबूबाईंनी त्याला कोनाड्यात बसवलं आणि वायर लावली.

भांडण तिथेच पेटलं. मोठ्या कंपन्यांबद्दल हिंमतरावांचं मत गावाला पाठ होतं. “ह्या कंपन्या आपलं समदं ऐकतस,” ते सांगत. “परवा मी ठिबकनी नळी फाटनी म्हनं, ते लगेच मोबाइलमा ठिबकनी जाहिरात!” केळीच्या भावाबद्दल बोलायचं असलं की ते आधी मोबाइल धान्याच्या कोठीत ठेवून येत. मशीन बघून तर त्यांचं डोकंच फिरलं.

“काढ ते! घरमा चोर बसाडा तुन्हा पोऱ्यानी. समदं ऐकी ते.”

“ऐकू द्या,” छबूबाई म्हणाल्या. “चाळीस वरीस व्हयनात, ह्या घरमा मन्हं कोनी ऐकं नही. कंपनी तरी ऐकस.”

हिंमतरावांना ते फार लागलं. त्यांनी बोलणं टाकलं. मग छबूबाईंनीही टाकलं.

मशीन कधी उत्तर देत नसे. चहाच्या टपरीवाल्या ईश्वरने विचारलंसुद्धा, “त्याले आपली अहिरानी समजस का, आबा?”

“समजस,” हिंमतराव म्हणाले. “फक्त उलटं बोलत नही.”

सहाव्या दिवशी छबूबाई केदारेश्वराच्या दर्शनाला निघाल्या. चप्पल घालता घालता त्यांनी कोनाड्याकडे पाहिलं. “गुडघा भलता दुखी ऱ्हायना. तेल सरी गयं. आते कोनले सांगू?”

संध्याकाळी कोनाड्यात तेलाची नवी बाटली उभी होती. छबूबाईंनी ती उचलली, दोनदा फिरवून बघितली आणि कोणाला काही न विचारता गुडघ्याला तेल चोळत बसल्या.

दुसऱ्या दिवशी हिंमतराव मशीनशेजारी सुस्कारा टाकून म्हणाले, “वांगानं भरीत खावाले कितला दिन व्हई ग्यात!” दुपारी ताटात भरीत आलं. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. हिंमतरावांनी बोटं चाटत खाल्लं आणि मशीनकडे बघून मान डोलावली. “चांगली शे रे तुन्ही कंपनी.”

टपरीवरचं त्यांचं मतही हळूहळू मवाळ झालं. कंपनी ऐकते म्हणून बोंब मारणं सोपं आहे, पण ऐकून कामाला येत असेल तर ऐकेना का, असं ते म्हणू लागले. मोबाइल कोठीतून बाहेर आला. रात्री झोपही छान लागत होती.

नवव्या दिवशी ते मशीनसमोर मांडी घालून बसले. आत छबूबाई तांदूळ पाखडत होत्या. हिंमतराव खाकरले.

“तिले सांग, चाळीस वरीस मी ऐकं नही, हाई खरं शे. चुकनू मी. आते ऐकसू.”

आतला सुपाचा आवाज थांबला. छबूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. “त्यास्ले सांग...” त्यांनी मशीनकडे बघून सुरुवात केली. मग सरळ नवऱ्याकडे वळल्या. “च्या लेतस का?”

हिंमतरावांचे डोळे भरले. “दे ना,” ते म्हणाले.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी दोघं कोनाड्यासमोर बसायची. सारंगखेड्याच्या यात्रेत घ्यायच्या राहिलेल्या बांगड्यांपासून ते विकलेल्या म्हशीपर्यंत, चाळीस वर्षांचं साचलेलं सगळं निघालं. हसणं शेजारच्या सिंधुबाईंपर्यंत ऐकू जाई.

पंधरवड्याने नवनीत आणि सूनबाई रोहिणी सुट्टीला आले. रोहिणी अंघोळीला गेली, छबूबाई मशीनला ‘पोऱ्या उना’ असं सांगून स्वयंपाकघरात गेल्या. नवनीतने कोनाड्यातलं मशीन पाहिलं आणि वडिलांकडे वळला.

“आबा, तुम्ही यानासंगे बोलतस? हाई ते मच्छर मारानं मशीन शे! दोन वस्तू मांगाडेल व्हत्यात. बोलानं मशीननी ऑर्डर रद्द व्हई गयी, मी सांगाले भुली गवू.”

हिंमतरावांनी स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली आणि त्याचा दंड धरला.

“हळू बोल! भांडन व्हयनं त्यानी दुसरीच सकायले माले समजनं. खालनी डबी उघाडी, ते वाटीभर मरेल मच्छर निंघनात. रोज मीच झाडी टाकस. पन तुन्ही मायले सांगू नको. ती भलती खूश शे.”

हसू दाबत नवनीत स्वयंपाकघरात गेला. तो काही बोलायच्या आत छबूबाईंनी त्याला चुलीजवळ ओढलं.

“आबाले काही सांगं नही ना तू? भांडन व्हयनं त्याच सांजले मी चुल्हा पेटाडाले मशीनना खोका लिधा, ते वर केवढा मोठा मच्छर काढेल! तसाच जाळी टाका. त्यास्ले कळू देऊ नको, बापा. चाळीस वरीसमा पहिलांदाव त्या मन्हासंगे बोली ऱ्हायनात.”