गुंडांची बोली

सत्तरीच्या कुमुदिनीबाईंना शिकागोच्या गुंडांची बोली काय पेलणार, म्हणून अनुवादाला दिलेली अमेरिकन रहस्यकादंबरी परत मागायला संपादक निरंजन त्यांच्या घरी आला होता.

"आधी एक पान तर ऐका," म्हणत बाईंनी चष्मा चढवला. "ए, शाणपत्ती नको! कल्टी मार, नाहीतर इथंच टपकवीन!"

निरंजनचा कप ओठांपाशीच थांबला. समोर साक्षात कादंबरीतला गुंड बसला होता. पान संपल्यावरच त्याने कप खाली ठेवला.

"ताई, हे कुठे शिकलात?"

बाईंनी भिंतीवरच्या, हार घातलेल्या फौजदार नवऱ्याच्या फोटोकडे पाहिलं.

"जागेपणी ह्यांनी घरात कधी वावगा शब्द काढला नाही. झोपेत मात्र चौकीत आणलेले सगळे गुंड ह्यांच्या तोंडून बोलायचे. मी ह्यांच्या कपाळावरचा घाम पुसत ऐकायची."