ग्लासवर दोनदा

ग्लासवर अंगठी दोनदा वाजली. एल्रॉयने हातातली पाने नाकाशी नेली, एकवार चाळली आणि बदामाचा राजा टाकला.

नॉर्बर्टने मान वर केली नाही. दोनदा म्हणजे बदाम, एवढी खूण त्याने दुपारपासून हेरली होती. मार्लिस आपल्या हातातले बदाम नवऱ्याला, एल्रॉयला, कळवत होती, दुसरे काय? तिच्या पुढ्यातला ब्रँडीचा ग्लास जेवणानंतर भरला होता तसाच काठोकाठ होता. बर्फ केव्हाच विरघळला होता. तो ग्लास पिण्यासाठी नव्हताच.

एकतीस वर्षे हे चौघे ऑक्टोबरच्या या आठवडाअखेरीस तळ्याकाठच्या या लाकडी घरात येत. शुक्रवारी सपर क्लब या गावातल्या हॉटेलात तळलेले मासे, शनिवारी सकाळी, तळे गोठण्याआधी, पाण्यातला बोटीचा लाकडी धक्का ओढून काठावर आणायचा, आणि मग अंधार पडेपर्यंत युकर हा पत्त्यांचा खेळ. नवराबायको समोरासमोर, भिडू म्हणून. जिंकणाऱ्या जोडीचे नाव भिंतीवरच्या लाकडी माशावर कोरले जाई. त्या माशाला किंमत नव्हती. म्हणूनच त्याच्यासाठी कुणी लबाडी करील, हे नॉर्बर्टच्या मनाला लागले होते.

आणि एकदा शंका आली की मागचे सारेच तिच्या रंगात दिसू लागते. काल सपर क्लबाच्या दारात एल्रॉय त्याच्या खांद्याला घासून पुढे गेला होता, परक्यासारखा. हाक मारली तेव्हा कुठे थांबला. एकतीस वर्षे मेन्यूवरून वाढपिणीशी हुज्जत घालणारा माणूस काल ते कार्ड न उघडताच म्हणाला, "मार्लिस घेईल तेच." गाडी मार्लिसने चालवली. आज सकाळी थंडगार पाण्यात धक्का ओढताना तो काठावर कोटाच्या खिशात हात घालून उभा राहिला. खांदा दुखतो म्हणे. नंतर शेजारी येऊन विचारले काय, तर तळ्याचा रंग आज कसा आहे!

पुढच्या ऑक्टोबरला तुम्ही येऊ नका. हे वाक्य नॉर्बर्टच्या तोंडात तयार होते. फक्त पुरावा हवा होता.

"पिस लवकर," एल्रॉय नॉर्बर्टला म्हणाला. "हरणाऱ्याने इतका वेळ लावू नये."

"बोल, बोल," व्हर्ना म्हणाली. "गेल्या वर्षी कोण रडत घरी गेलं होतं, आठवतंय ना?" तिला, नॉर्बर्टच्या बायकोला, कशाचाच पत्ता नव्हता.

पाने वाटून झाली, पहिला हात नॉर्बर्टने जिंकला. पुढची उतारी त्याची होती, आणि त्याच्यानंतर खेळायचे होते एल्रॉयने. इतक्यात छपरावरून रानहंसांचा कलकलाट गेला. दोघी बायकांनी खिडकीकडे माना वळवल्या. एल्रॉय मात्र हलला नाही. "किती आहेत?" एवढेच त्याने विचारले.

"चाळीस तरी," मार्लिस खिडकीतूनच म्हणाली.

नॉर्बर्टने इस्पिकचा एक्का टेबलावर ठेवला. मग उजवीकडे हात लांबवून मार्लिसच्याच ग्लासवर आपली अंगठी दोनदा वाजवली.

एल्रॉयने पाने नाकाशी नेली. बदामाची राणी टाकली.

नॉर्बर्टला फार तर एखादी चलबिचल अपेक्षित होती. हे तर त्याच्या हातात आयते पडले होते.

"इस्पिक नाही तुझ्याकडे?" आपला आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला.

"आहेत की," एल्रॉय निरागसपणे म्हणाला. "दोन आहेत. का रे?"

मार्लिस वळली. तिने टेबल पाहिले, ग्लासापाशी रेंगाळलेला नॉर्बर्टचा हात पाहिला.

नॉर्बर्टही टेबलाकडेच पाहत होता. दुपारच्या स्वच्छ उजेडात इस्पिकचा एक्का पडला होता. पांढऱ्या पानावर एकच मोठा काळा ठिपका, एल्रॉयच्या बोटांपासून वीतभर अंतरावर. सबंध दुपारच्या उताऱ्या त्याने मनात उलट्या फिरवल्या. अंगठी दोनदा वाजली होती ती दर वेळी बदामाच्या उतारीवर. जे टेबलावर उघडे पडलेले नव्हते, असे एकही पान तिने कधी सांगितलेच नव्हते.

"मार्लिस?" एल्रॉयने हळूच विचारले. "काय आलंय?"

त्याने आपली पाने उपडी ठेवली आणि चेहरा नॉर्बर्टच्या दिशेने, पण किंचित बाजूला, वळवला.

"मधलं सगळं गेलंय, नॉर्ब. मार्चपासून. कडेचं दिसतं थोडंफार. पत्ते नाकाला लावले तर समजतात." तो हसला. "धक्का ओढायला तर मी आता कामाचा नाही. म्हटलं, हे लपवलं तर पत्त्यांना तरी बोलवाल."

व्हर्नाने हात तोंडावर नेला. तळ्यापलीकडे रानहंसांचा आवाज विरत गेला. नॉर्बर्टच्या तोंडात तयार असलेले वाक्य आता कुठे ठेवावे, हे त्याला कळेना. ते त्याने गिळले. मग बदामाची राणी उचलून एल्रॉयच्या हातात दिली.

"ही परत घे, गाढवा," तो म्हणाला. त्याने मुद्दामच आवाज चढवला. "इस्पिकचा एक्का उतरलाय. मी टाकलाय."

एल्रॉयने पाने नाकाशी नेऊन एक निवडले. "एक्का? आणि मघापासून रडका चेहरा करून बसला होतास? चोर लेकाचा. घे. इस्पिकची नव्वी."

"इस्पिकची दश्शी," व्हर्ना म्हणाली. पान तिने ठसक्यात टाकले.

पाळी मार्लिसची होती. "इस्पिकची राणी," ती म्हणाली. सवयीने तिचा हात ग्लासकडे गेला, बोट उचलले गेले आणि तिथेच थांबले. मग तिने तो ग्लास दोन्ही हातांनी उचलला, आणि त्या दुपारी पहिल्यांदाच त्यातला एक घोट घेतला.